लिडित्सेची ब्याऐंशी मुले

सन १९६१ च्या डिसेंबर महिन्याच्या मध्यास आमच्या वडीलधाऱ्या मंडळींचे सारे चित्त गोव्याच्या सीमेकडे लागलेले होते. त्याच आठवड्यात तिकडे जेरुसलेम येथे आडोल्फ आइकमान याच्या खटल्याचा निकाल वाचला जात होता. निकालवाचनास ११ डिसेंबरला प्रारंभ झाला आणि १५ तारखेस शिक्षा सुनावण्यात आली. पुढे चारच दिवसांनी गोवा मुक्त झाला. त्या आनंदाच्या भरात जेरुसलेमच्या निकालातील एका लहानशा भागाकडे आमच्या लोकांचे लक्ष गेले नाही, यात नवल काहीच नाही. त्या भागाविषयी, आणि त्यात ज्या मुलांचा उल्लेख आहे त्यांच्या स्मरणार्थ पुढे जे शिल्प उभे राहिले त्याविषयी, येथे चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आइकमानवर एकूण पंधरा आरोप होते. त्यांपैकी बारावा आरोप चेकोस्लोव्हाकियातील लिडित्से या खेड्यातून नेण्यात आलेल्या त्र्याण्णव मुलांच्या हद्दपारीविषयी होता. न्यायाधीशांनी हद्दपारीबद्दल त्यास दोषी धरले. मुलांच्या हत्येबद्दल मात्र पुरावा अपुरा म्हणून त्यास दोषी धरले नाही. ज्या माणसाच्या शिरावर लक्षावधी जीवांचा भार होता आणि ज्यास फाशी होणार हे दिसतच होते, त्यासही एका आरोपाच्या एका अंशापुरता संशयाचा फायदा देण्यात आला. आम्ही वकिली करणारी माणसे. आम्हांस हा निर्णय योग्य वाटतो. जे सिद्ध झाले नाही ते सिद्ध झाले असे क्रोधाच्या आहारी जाऊन म्हणणारे न्यायालय आम्हांस नको आहे. तथापि निकालाचा एवढा भाग वाचून झाल्यावर मनास स्वस्थता लाभत नाही, हेही खरे. ती मुले गेली कोठे? त्यांच्या मरणाचा पुरावा राहू नये अशी व्यवस्था कोणी आणि कशी केली?

लिडित्से हे प्राग नगराच्या वायव्येस सुमारे वीस किलोमीटरवर, क्लाद्नो या औद्योगिक शहराजवळ वसलेले खेडे. वस्ती पाचशेच्या घरात. पुरुष बहुतेक कोळशाच्या खाणीत किंवा क्लाद्नोच्या पोलादाच्या कारखान्यात कामास जात. गावात संत मार्टिनचे देऊळ होते, शाळा होती, एक ओढा होता. जगाच्या इतिहासात नोंद व्हावी असे त्या गावाने काहीच केले नव्हते.

२७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये राइनहार्ड हाइड्रिख या नाझी अधिपतीवर ब्रिटनमध्ये शिकून आलेल्या दोघा तरुण सैनिकांनी, गाब्चिक आणि कुबिश यांनी, हल्ला केला. ४ जून रोजी हाइड्रिख मरण पावला. हल्लेखोर हाती लागेनात. तशात एका पत्रावरून संशयाची सुई लिडित्सेतील होराक कुटुंबाकडे वळली. त्या घरातील एक मुलगा ब्रिटनमध्ये चेक सैन्यात होता. गावाचा हल्ल्याशी संबंध असल्याचे काही निघाले नाही. ९ जून रोजी बर्लिनमध्ये हाइड्रिखची अंत्ययात्रा निघाली आणि त्याच दिवशी हिटलरची आज्ञा प्रागमध्ये कार्ल हेर्मान फ्रांक याच्याकडे पोचली.

त्या आज्ञेची भाषा आमच्यासारख्याने पुनःपुन्हा वाचावी अशी आहे, कारण ती कचेरीची भाषा आहे. पुरुषांस गोळ्या घालाव्यात. स्त्रियांस छळछावणीत धाडावे. जी मुले जर्मन करून घेण्यास योग्य ठरतील ती जर्मन कुटुंबांत द्यावीत आणि उरलेल्यांच्या संगोपनाची निराळी व्यवस्था करावी. गाव जाळून भुईसपाट करावे. पहिल्या कलमात बंदूक उघड आहे. मुलांच्या कलमात मात्र ‘संगोपन’ हा शब्द आहे. सरकारी कागदांत वयाचा मुद्दा नेहमी स्पष्ट लागतो, तसा तो येथेही ठरविण्यात आला. पंधरा वर्षांवरील मुलगा पुरुषांत धरला गेला, त्याहून धाकटा मुलांत.

१० जूनच्या सकाळी होराकांच्या वाडीत १७३ पुरुष मारले गेले. घराघरांतून गाद्या आणून भिंतीस लावल्या होत्या, गोळ्या उलटून मारणाऱ्यांस लागू नयेत म्हणून. आरंभी पाच पाच, मग वेळ फार लागतो म्हणून दहा दहा असे पुरुष उभे करण्यात आले. रात्रपाळीस गेल्यामुळे किंवा अन्य कारणाने जे त्या दिवशी गावात नव्हते, त्यांस पुढे प्रागेत मारले. घरे जाळली, भिंती सुरुंगाने उडविल्या, देऊळ पाडले, स्मशानातील थडगी उकरली, ओढ्याचा प्रवाहसुद्धा वळविला. या साऱ्याचे चलच्चित्र त्यांनी स्वतःच घेतले. युद्धानंतर न्यूरेम्बर्गच्या न्यायालयात तेच त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखविण्यात आले. गावाचे नावही पुसून टाकल्याची घोषणा नभोवाणीवरून करण्यात आली. अन्यत्र अशी कृत्ये त्यांनी झाकून ठेवली. येथे मात्र जगास दहशत बसावी म्हणून ती मुद्दाम सांगितली.

परिणाम उलटाच झाला. महिना दोन महिन्यांच्या आत अमेरिकेतील इलिनॉय राज्यातील एका वसाहतीने आपले नाव लिडित्से ठेवले. मेक्सिको नगराजवळच्या सान हेरोनिमो या गावाने आपल्या नावास लिडित्सेचे नाव जोडले. इंग्लंडातील स्टोक-ऑन-ट्रेंट हे खाणकामगारांचे गाव. तेथील डॉक्टर आणि नगरसेवक बार्नेट स्ट्रॉस यांच्या पुढाकाराने ६ सप्टेंबर १९४२ रोजी सभा भरली आणि लिडित्से पुन्हा वसविण्यासाठी खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून वर्गणी द्यावयास आरंभ केला. ज्यांनी लिडित्से कधी डोळ्यांनी पाहिले नव्हते अशा माणसांनी, केवळ तेथील मेलेले पुरुषही आपल्यासारखेच कोळसा खणीत होते एवढ्या नात्यावर, हा पैसा दिला. १९४७ पासून जुन्या जागेच्या शेजारी नवे गाव उभारले जाऊ लागले आणि १९५५ मध्ये दोहोंच्या मध्ये, जगभरातून आलेल्या रोपांची, गुलाबांची एक विस्तीर्ण बाग झाली.

गावाचे नाव गावाबाहेर जगविण्याची ही रीत आमच्या वाचकांस परकी वाटू नये. सोळाव्या शतकात वेर्ण्यातील म्हार्दोळाची म्हाळसा अंत्रुज महालात आली. आज प्रियोळातील तिचे स्थान म्हार्दोळ याच नावाने ओळखले जाते आणि वेर्ण्यात मागे जुने म्हार्दोळ राहिले. दोन्ही प्रसंगांत साम्य आहे ते एवढेच, अधिक ताणण्यात अर्थ नाही. आमची माणसे देवासह निघून जाऊ शकली. लिडित्सेच्या मुलांस तेवढीही मोकळीक नव्हती.

त्या मुलांकडे आता वळावयाचे. गावातील स्त्रिया आणि मुले क्लाद्नो येथील शाळेच्या व्यायामशाळेत तीन दिवस कोंडून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी मुले आयांच्या हातून ओढून काढण्यात आली. स्त्रियांस राव्हेन्सब्रूकच्या छावणीत नेले. वर्षाच्या आतील अर्भके प्रागेत ठेवली. अठ्ठ्याऐंशी मुले आगगाडीने पोलंडातील लोड्झ येथे धाडली गेली. तेथे वंशतज्ज्ञ म्हणविणाऱ्यांनी त्यांचे केस, डोळे, डोक्याचे आकार पाहिले आणि सात मुले जर्मन होण्यास पात्र ठरविली. उरलेली एका रिकाम्या कारखान्याच्या इमारतीत जमिनीवर निजत होती. तेथून काहींनी आपल्या नातलगांस पत्रे धाडली. कपडे धाडा, भाकरी धाडा, अशा त्यांत मागण्या आहेत. आम्हांस त्या पत्रांचा विचार करताना नेहमी एकच गोष्ट सुचते: पत्र कोणास धाडावे हा त्या मुलांपुढील प्रश्न काही साधा नव्हता. बाप नाही हे त्यांस ठाऊक नव्हते, आई कोठे आहे ते ठाऊक नव्हते, आणि ज्या पत्त्यावर आजवर घर होते तो पत्ताच नाहीसा झाला होता.

त्यांचे पुढे काय करावयाचे ही विचारणा आइकमानच्या कचेरीपर्यंत गेली. उत्तर आले आणि जुलै १९४२ च्या आरंभी मुले लोड्झच्या गुप्त पोलिसांच्या ताब्यात देण्यात आली. तेथून त्यांस खेल्मनो येथे नेण्यात आले. खेल्मनोत बंद मोटारींत विषारी वायू सोडून माणसे मारीत. ब्याऐंशी मुले तेथे संपली, असे पुढील संशोधनाने मानले आहे. प्रेते जाळली जात, राख टाकून देत. जेरुसलेमच्या न्यायाधीशांसमोर हद्दपारीचे कागद होते. त्यापुढचा कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. ‘निराळ्या व्यवस्थे’चा हेतू नेमका तोच असल्यामुळे आरोपातील हत्येचा भाग सिद्ध झाला नाही.

युद्ध संपल्यावर १४३ स्त्रिया परत आल्या. नवरा, गाव, घर यांचे काय झाले ते बहुतेकींस या वाटेवरच कळले. मुले मात्र जिवंत असतील या आशेवर त्यांनी छावणीतील तीन वर्षे काढली होती. शोध सुरू झाला; तो १९४७ पर्यंत चालला. एकशेपाच मुलांपैकी सतरा मिळाली. जर्मन घरांत वाढलेल्यांपैकी काहींस आपली भाषा आठवत नव्हती. आई चेकमध्ये बोले आणि मूल जर्मनमध्ये उत्तर देई. १९४७ मध्ये न्यूरेम्बर्ग येथे वंशविषयक कचेरीच्या अधिकाऱ्यांवर जो खटला चालला, त्यात मुले पळविल्याच्या आरोपावर या परतलेल्या मुलींपैकी एकीने साक्ष दिली. तिचे वय तेव्हा पंधरा वर्षांचे होते. आम्ही आजवर पुष्कळ साक्षी घेतल्या आणि उलटतपासल्या. परंतु ज्या भाषेत आपल्याला वाढविले ती भाषाच आपल्यावरील अन्यायाचा पुरावा आहे अशा साक्षीदारास प्रश्न विचारण्याची वेळ आमच्यावर आलेली नाही, हे आम्ही आमचे भाग्य समजतो.

येथवरची हकीकत न्यायालयांची आणि कागदांची झाली. यापुढील एका शिल्पकर्तीची आहे. मारिये उखितिलोवा हिचा जन्म १९२४ चा. तिचे नाव सामान्य चेक माणसास ठाऊक नसले तरी तिचे काम प्रत्येकाच्या खिशात होते. १९५७ पासून चलनात आलेल्या एक क्राउनच्या नाण्यावरील, गुडघ्यावर बसून लिंडेनचे रोप लावणारी स्त्री हिच्याच हातची. १९६९ मध्ये तिने लिडित्सेच्या मुलांचे स्मारक करावयाचे मनाशी ठरविले. एखादी माता, कडेवर मूल, खाली अक्षरे, असे एक शिल्प करून ती मोकळी होऊ शकली असती. तसे तिने केले नाही. ब्याऐंशी मुले मारली गेली, तर ब्याऐंशी मूर्ती करावयाच्या, बेचाळीस मुली आणि चाळीस मुलगे, असा तिचा संकल्प.

हा संकल्प व्यवहारबुद्धीच्या माणसास अवाजवी वाटेल. एकेक मूर्ती माणसाहून किंचित मोठी. प्रत्येकीची माती मळावयाची, सांगाडा उभा करावयाचा, प्लॅस्टरात उतरवावयाचे. मूर्तिकाराच्या घरी ऊठबस असलेल्या आमच्या वाचकांस या कामाचा पसारा सांगावयास नको. गणेशचतुर्थीस शंभर मूर्ती एका साच्यातून निघतात. येथे साचा एकदाच वापरावयाचा होता. मोबदल्याचा करार नव्हता. वीस वर्षे तिने हे काम केले. या वर्षांत असंख्य माणसे तिच्या कार्यशाळेत येऊन ती पांढरी मुले पाहून गेली. मार्च १९८९ मध्ये ब्याऐंशीवी मूर्ती प्लॅस्टरात पूर्ण झाली. ब्राँझसाठी पैसा नव्हता. पहिल्या तीन मूर्ती तिने स्वतःच्या शिलकीतून ओतविल्या. १६ नोव्हेंबर १९८९ रोजी तिला अकस्मात मरण आले. दुसऱ्याच दिवशी प्रागच्या रस्त्यांवर विद्यार्थी उतरले आणि त्या देशातील राज्य बदलले. ती बातमी तिला कळली नाही आणि आपली मुले लिडित्सेच्या माळावर उभी असलेलीही तिला पाहावयास मिळाली नाहीत.

पती इर्झी हाम्प्ल याने काम पुढे नेले. त्याच्या जागी आम्ही असतो तर इतके वर्षे तग धरला असता की नाही, कोण जाणे. नव्या राज्यात जुन्या स्मारकांविषयी उत्साह कमी झाला होता आणि ब्राँझ तर महागच होते. दशकाच्या मध्यास पहिल्या तीस मूर्ती आपल्या जागी बसल्या. मग जसजसा निधी मिळेल तसतशा थोड्या थोड्या आणून ठेवल्या गेल्या. शेवटच्या सात मूर्ती २००० साली बसविल्या. म्हणजे गाव उद्ध्वस्त झाल्यापासून अठ्ठावन्न वर्षांनी.

आता शिल्पाविषयी. आमच्याकडे चौकांत पुतळे असतात ते बहुधा उंच चौथऱ्यावर आणि पुष्कळदा घोड्यावर. बडोद्याच्या काळ्या घोड्यापासून गावोगावच्या अश्वारूढ मूर्तींपर्यंत सर्वांची रचना अशी की पाहणाऱ्याने मान वर करावी. लिडित्सेची मुले ग्रॅनाइटच्या चिऱ्यांनी मढविलेल्या बैठ्या चौथऱ्यावर दाटीने उभी आहेत. थोरली मागे, धाकटी पुढे, कोणी कोणाचा हात धरला आहे. त्यांची तोंडे दरीकडे आहेत, आणि दरीत त्यांची घरे होती. कोणाच्याही हाती शस्त्र नाही, ध्वज नाही. शत्रूची आकृती नाही. मारेकऱ्यांचे नाव शिल्पात कोठे वाचावयास मिळत नाही आणि आम्हांस ते योग्य वाटते. त्यांची नावे न्यायालयांच्या दप्तरांत सुरक्षित आहेत. फ्रांक यास १९४६ च्या मे महिन्यात प्रागेत फाशी दिले गेले, त्याचा कागदही तेथेच आहे.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. शिल्प सरधोपट वास्तववादी आहे, ते अश्रू मागते, आधुनिक कलेस असे हळवेपण रुचत नाही, असे कोणी म्हणेल. आमचे त्यावर म्हणणे असे की या शिल्पाचा कस हुंदक्याने लावू नये, मोजणीने लावावा. पाहणारा पहिल्या क्षणी एक घोळका पाहतो. मग त्याची नजर एका चेहऱ्यावर थांबते, पुढच्यावर जाते, आणि थोड्या वेळाने त्याच्या ध्यानात येते की दोन चेहरे सारखे नाहीत, दोघांची उभे राहण्याची ढब एक नाही. ब्याऐंशी हा आकडा उच्चारावयास अर्धा क्षण लागतो. ब्याऐंशी मुलांपुढून चालत जावयास बराच वेळ लागतो. ज्यांनी आज्ञा लिहिली त्यांनी ‘उरलेली’ या एका शब्दात ही मुले बसविली होती. शिल्पकर्तीने तो शब्द सोडविला आणि प्रत्येकास उभे राहण्यापुरती जागा दिली. तिच्या वीस वर्षांचा हिशेब आम्ही तरी असा लावतो.

बर्लिनमध्ये नोये वाखे या वास्तूत १९९३ पासून केटे कोल्विट्झ हिच्या मूर्तीची मोठी प्रतिकृती आहे: मांडीवर मेलेला मुलगा घेतलेली एकच आई. मूळ शिल्प थोर आहे. कोल्विट्झचा स्वतःचा मुलगा १९१४ मध्ये रणांगणावर पडला होता. परंतु युद्धात आणि जुलमात मेलेल्या सर्वांसाठी ती एकच मूर्ती ठेवली गेली, तेव्हा मारणारे आणि मारलेले एकाच पदराखाली आले अशी टीका जर्मनीतच झाली. ती टीका आम्हांस निराधार वाटत नाही. मानवता एकच आहे हे सांगण्यासाठी माणसामाणसांतील भेद पुसावे लागतात असे नाही. उखितिलोवानेही आपले शिल्प दुसऱ्या महायुद्धातील सर्व बालबळींस वाहिले आहे. त्यांची संख्या ती एक कोटी तीस लाख धरी. एवढ्या मोठ्या आकड्याचा पुरावा मागण्याची आमची सवय येथे आम्ही आवरती घेतो. तिने त्या कोट्यवधींसाठी एक सर्वसामान्य बालक घडविले नाही, हे महत्त्वाचे. तिने एका गावची नेमकी मुले घडविली आणि वॉर्साच्या, लेनिनग्राडच्या, हिरोशिमाच्या मुलांना त्यांच्याशेजारी मनाने उभे करण्याचे काम पाहणाऱ्यावर सोडले.

आणि पाहणारे ते करतात, असे दिसते. त्या मुलांच्या पायांशी लोक फुले ठेवतात. फुलांहून अधिक खेळणी ठेवतात. कापडी अस्वले, बाहुल्या, लहान मोटारी. आमच्या देवळांतून मूल व्हावे म्हणून नवसाचे लाकडी पाळणे वाहिलेले आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. लिडित्सेत खेळणी वाहणारा मागत काहीच नाही, कारण मागण्यासारखे तेथे काही उरलेले नाही. तरीही रिकाम्या हाताने मुलांसमोर जाऊ नये ही जनरीत तेथेही आहे.

२०१० साली चोरट्यांनी त्यांतील एक लहान मुलगी ब्राँझच्या मोलासाठी उचलून नेली. बातमी पसरली तेव्हा लोकांनी ती मूर्ती गेली असे म्हटले नाही, मुलगी गेली असे म्हटले, असे आम्हांस सांगता आले असते तर बरे झाले असते. पण तसा पुरावा आमच्यापाशी नाही. एवढे निश्चित की ती जागा मोकळी ठेवण्यात आली नाही. त्या मुलीची मूर्ती पुन्हा ओतण्यात आली आणि पूर्वीच्याच ठिकाणी, बाकीच्यांच्या मध्ये, दरीकडे तोंड करून ती उभी करण्यात आली. आज तेथे बेचाळीस मुली आणि चाळीस मुलगे आहेत.